टवकेवाले नाना

गाण्याचे दर्दी पुण्यात गल्लोगल्ली सापडतात. पण त्यांच्यात एक छोटा पंथ असा आहे, की त्याला गाण्यापेक्षा गाणं ज्या खोक्यातून येतं त्या खोक्याचीच काळजी जास्त. नाना या पंथाचे गादीवरचे महाराज. ऐंशीच्या दशकातली, सागवानी व्हिनियरची स्पीकरची जोडी त्यांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणली आणि तेव्हापासून घरात ऐकणं कमी, न्याहाळणं फार. भीमसेनांची रेकॉर्ड लागलेली असते, आपण डोळे मिटून समेची वाट बघत असतो आणि नाना गुडघे टेकून, टॉर्च लावून डाव्या स्पीकरचा खालचा कोपरा तपासत असतात.

"दिसला का रे?"

"काय, नाना?"

"टवका!"

टवका तिळाएवढा. पण तो उडवला कुणी, याची चौकशी नानांनी रीतसर केली. संशयित तीन : नातवाची सायकल, केरसुणीचा दांडा आणि गणपतीची आरास करताना टेबल सरकवणारे जावई. पुरावा जावयांच्या दिशेने जायला लागल्यावर काकूंनी नजरेनंच फाइल बंद केली.

नाना बँकेत होते, त्यामुळे तारण तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही ही सवय अजून गेलेली नाही. दुरुस्तीआधी मुळात पॉलिश कोणतं आहे ते बघायचं. स्पीकरच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब. बोटाला चिकट लागलं तर चपड्याचं पॉलिश, म्हणजे फ्रेंच पॉलिश. नाही लागलं तर थिनरचा थेंब. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही, तर मेलामाइन किंवा पीयू, आणि अशा खोक्याच्या मालकाशी नाना फारसे बोलत नाहीत. त्यांच्या स्पीकरला स्पिरिटनं बोट चिकटलं, त्या दिवशी त्यांनी सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

कारण मग चपड्यावरचं व्याख्यान देता येतं. लाखेचा किडा, झारखंडातली पळसाची आणि कुसुमाची झाडं, फांदीवरून खरवडलेली लाख, तिचे तांबूस पिवळे पातळ कपचे. आणि शेवटी हातखंडा वाक्य : "अरे, जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच! म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आणि माझं खोकं, दोघांवर एकाच किड्याचे उपकार." व्याख्यान चांगलं असतं. फक्त ते दारात, आपण चपला घालत असताना सुरू होतं.

एका मिस्त्रीला त्यांनी बोलावलं होतं. त्यानं खिशातून फेविकॉल काढला, लाकडाचा भुसा कालवला आणि टवक्यात दाबणार, तेवढ्यात नानांनी त्याचा हातच धरला. फेविकॉल वाळला की त्यावर रंग चढत नाही, डाग उठून दिसतो, हे नानांचं म्हणणं अगदी खरं. पण ते त्याला दीड तास समजावून सांगायची गरज नव्हती. मिस्त्री चहा पिऊन गेला तो गेलाच.

मग नाना बोहरी आळीत जाऊन स्वतःच सामान घेऊन आले. चपड्याची कांडी, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, गेरू, पिवडी, काजळीची पुडी आणि तीन शून्यांचा ब्रश. टवका भरण्याचा सोहळा मी पाहिला आहे. सुरीचं टोक मेणबत्तीवर तापवायचं, पण काजळी लागू द्यायची नाही. कांडीचा थेंब टवक्यात सोडायचा, किंचित फुगीर. गार झाला की पात्यानं तासून सपाट करायचा. इथे नाना घामाघूम. व्हिनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. पेपरचे चार हात जास्त पडले की खालचा चिपबोर्ड दात काढून हसतो.

रंगाचा नियम एकच : आधी फिका. फिक्याचा गडद करता येतो, गडदाचा फिका होत नाही. आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग खिडकीपाशी परका वाटतो, म्हणून अख्खा स्पीकर उचलून गॅलरीत. दुसऱ्या बाजूनं काकूंनी धरायचा. "मला बघायला आले होते तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणाले होते," काकू स्पीकर टेकवत म्हणाल्या. नानांचं लक्ष नव्हतं. ते ब्रशचा एकच केस भिजवून सागाच्या रेषा काढत होते. भर मे महिन्यात पंखा बंद. कुकरच्या शिट्टीनं एक रेष वाकडी गेली, त्यावरून जेवणात दोन तास अबोला.

आषाढ-श्रावणात हे सगळं बंद. हवेतली ओल पॉलिशमध्ये बसली की लकाकी जाऊन पांढुरकी झाक येते. नानांचा चातुर्मास हा असा. एरवी कांदा-लसूण सगळं चालतं.

काम शेवटी फर्स्ट क्लास झालं, यात वादच नाही. आणि तिथेच नानांची पंचाईत झाली. दुरुस्ती चांगली म्हणजे न दिसणारी. पण न दिसणाऱ्या गोष्टीला दाद देणार कोण? म्हणून आल्यागेल्याची परीक्षा. "सांगा, टवका कुठे होता?" पाहुण्यानं पटकन ओळखलं, तर नाना रात्री जेवत नाहीत. ओळखता आलं नाही, तर स्वतःच बोट ठेवून दाखवतात आणि मग तो त्यालाही दिसायला लागतो. एकानं कौतुकानं "वा, स्पीकर नवीन घेतलेत!" म्हटलं. त्याला पुन्हा बोलावलेलं नाही.

तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर दोन-तीन मिनिटं खरोखर शोधा, चष्मा पुसा, मग हार माना. चहाबरोबर चिवडाही येईल. फक्त उजव्या स्पीकरच्या पुढ्यात काकूंनी मनीप्लांटची मोठी कुंडी ठेवली आहे. तिच्यामागे नवा टवका आहे आणि तो नानांनी अजून पाहिलेला नाही. कृपा करून ती कुंडी हलवू नका.