येत नाही, की तुमच्याकडे नाही?

प्रत्येक कॉलनीत मांजरांना दूध घालणाऱ्या एक काकू असतात, पार्किंगवरून भांडणारे एक काका असतात आणि जुन्या यंत्रांचे सेल शोधणारे एक अण्णा असतात. आमच्या अण्णांना निवृत्तीच्या दिवशी बँकेने भिंतीवरचं घड्याळ दिलं. अण्णांनी वेळ पाहण्याआधी ते उलटं केलं आणि सेल बघितला. साधा पेन्सिल सेल निघाल्यावर घड्याळातला त्यांचा रस संपला.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर कॅलिपर, पिशवीत मल्टिमीटर, असा त्यांचा जामानिमा. घरच्या कपाटात जुने कॅमेरे, वॉकमन, ट्रान्झिस्टर. सगळं चकचकीत आणि सगळं बंद.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळचे सेलचे दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतात. कोणी मोबाइल कानाला लावतो, कोणी लगबगीने माळ्यावर चढतो. कामावर नवा लागलेला पोरगा तेवढा तावडीत सापडतो.

"काका, हा सेल आता येत नाही."

"येत नाही, की तुमच्याकडे नाही?"

"कंपनीनेच बंद केलाय."

"नवा करायचं बंद केलं. तुमच्याकडे जुना पडलेला असेल. ते खोकं काढा बघू."

खोकं निघतं. धुरळा उडतो. अण्णा एकेक सेल मापून परत ठेवतात आणि उठताना पोरालाच सांगतात, "बघून ठेव. पुढच्या आठवड्यात येतो."

१९७९ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागत, तोवर सगळं सोपं होतं. पुढे यंत्र बारीक करायच्या नादात च्युइंगमच्या पट्टीएवढा चपटा, १.२ व्होल्टचा चार्जिंगचा सेल निघाला. तसा एक सीलबंद सेल अण्णांना जुन्या बाजारात मिळाला, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळी मीटर शून्यावर. "एकदाही वापरलेला नव्हता हो!" अण्णा हळहळले. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "घरात बसून राहिलं म्हणून वय थांबतं का कुणाचं?"

पण अण्णांचा खरा जीव जुन्या कॅननच्या कॅनोनेट कॅमेऱ्यात. त्याच्या प्रकाशमापकाला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा बटन सेल लागतो. पारा विषारी, म्हणून ते सेल जगभर बंद झाले. ते अण्णांना तत्त्वतः मान्य आहे, पण "व्होल्टेज काय स्थिर असायचं!" म्हणताना त्यांचा गळा दाटतो. त्याच मापाचा आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा. तो घातला की काटा असलेल्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळपट येतो.

त्यावर तोड म्हणजे कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. अण्णा श्रवणयंत्रांच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी खुर्ची पुढे करून ओरडली, "काका, कुठल्या कानाला कमी येतं?"

"मला नको, कॅमेऱ्याला हवाय."

तिने आवाज आणखी चढवला. "कॅ-मे-ऱ्या-ला नाही काका, का-ना-ला! घरचं कोणी आलंय का बरोबर?"

शेवटी अण्णांनी ऐकू येत नसल्याचं कबूल केलं आणि सेलचं पाकीट मिळवलं. हा सेल खाचेत ढिला बसतो, म्हणून त्याला रबरी रिंग चढवली. पाठीवरचा स्टिकर काढला की भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. नंतर वापरा न वापरा, काही महिन्यांत तो संपणारच. अण्णांनी स्टिकर काढला, मिनिटभर थांबून सेल बसवला. काटा हलला! अण्णांनी काकूंना हाक मारली, खिडकीकडे, दिव्याकडे, काकूंच्या नव्या साडीकडे कॅमेरा रोखून काटा हलताना पाहिला.

"मग काढा की एक फोटो," काकू पदर सावरत म्हणाल्या.

"रोल कुठाय?"

अण्णांनी सेल काढून स्टिकर पुन्हा चिकटवला आणि कॅमेरा कपाटात गेला.

त्यांच्या भाच्याने मध्यंतरी सुचवून पाहिलं, "मामा, त्या चपट्या सेलच्या वॉकमनला बाहेरून पेन्सिल सेलची डबी लावता येते. कुठेही मिळणारा सेल चालेल."

"माहितेय मला," अण्णा गुरगुरले. "पण मग मी पासोड्या विठोबाला जायचं कशाला?"

परवा जिन्यात भेटले, तर माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांची नजर. आत वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर होता. "चालतो," मी म्हणालो. अण्णांचा चेहरा पडला. "असू दे," खांद्यावर थोपटत ते म्हणाले, "बंद पडला की आणा."