इंजिनाचे पार्श्वगायन

टर्बो नसलेले इंजिन म्हणजे बिनमाइकचा गवई. फुफ्फुसात मावेल तेवढीच हवा घ्यायची आणि तेवढ्यावर तार सप्तक गाठायचे. टर्बो त्याला भाता जोडतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबते. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

आकडे टर्बोच्याच बाजूने बोलतात. फेरारीच्या ४५८ इटालियाचे साडेचार लिटरचे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ती द्यायचे. २०१५ मध्ये आलेल्या ४८८ जीटीबीने ३.९ लिटर आणि दोन टर्बोंत ६७० दिली. तबेल्यात शंभर घोडे वाढले, पण रसिकांची कुरकुर एकच: गळा गेला!

बीएमडब्ल्यूने या दुखण्यावर आधीच नामी तोड काढली होती. २०११ च्या एम५ मध्ये दहा सिलिंडर जाऊन आठ सिलिंडर आणि टर्बो आले. ताकद वाढली, आवाज दबला. मग इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवायची सोय झाली. ओठ बॉनेटखाली हलणार, गाणार म्युझिक सिस्टिम.

पोर्शने २०१६ मध्ये ७१८ केमनला चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसवले. आवाजावरून बरीच नाके मुरडली गेली. २०२० मध्ये केमनच्या जीटीएस ४.० मध्येही सहा सिलिंडरांचे, बिनटर्बोचे इंजिन परतले, या वेळी चार लिटरचे.

गळा तोच, जुना. किंमत मात्र साध्या केमनपेक्षा बरीच वरच्या पट्टीत लावलेली.