एसटीची पाठ भाड्याने देणे आहे

राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर 2012 पासून बंदी आहे. दरवर्षी ती नव्याने निघते. टपरीवरची पुडीही दरवर्षी नव्या भावाने निघते.

जाहिरातीचं काय? नाव तेच, रंग तोच, नट तोच. आत म्हणे वेलची! वेलचीच्या धंद्यात एवढा पैसा असता, तर बीडच्या मोंढ्यात कापसाला कुणी विचारलं नसतं.

एसटीच्या खिडकीखाली बघा. नटाच्या हसऱ्या चेहऱ्यावरून लाल ओघळ उतरलेला असतो. ग्राहकाचा अभिप्राय, थेट तोंडावर. धुणार कोण? नट नव्हे, आगारातला सफाई कामगार.

परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी 2025 मध्ये जाहीर केलं, एसटीवर गुटखा-तंबाखूच्या जाहिराती आता बंद. अभिनंदन! तंबाखूची जाहिरात 2003 च्या कायद्यानेच बंद आहे. 22 वर्षं ही गाडी कुठल्या फाट्यावर पंक्चर होती?

बरं, गुटखा उतरला. त्या जागेवर चढणार कोण?

शीतपेय आणि कुरकुरीत पुड्या. घोषणेत नाव तंबाखूचं, साखरेचं नाही.

बीड शहरात रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. धारूर-पाटोद्याच्या माणसाला अजूनही एसटीच. पाचवी ते बारावीच्या मुली याच गाडीने मोफत पासवर शाळेला जातात. पास सरकारचा, डोळे कंपनीचे.

शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांची जाहिरात नको, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. गाडी थांबते शाळेच्या फाटकाशी. जाहिरातीला चाकं असतात, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही.

‘अहो, पण महामंडळ तोट्यात आहे!’ लंडनने फेब्रुवारी 2019 मध्ये बस-मेट्रोवरून असल्या खाण्याच्या जाहिराती उतरवल्या. कमाई बुडाली नाही. त्याच कंपन्यांनी त्याच जागी कमी साखरेचा माल लावला. कंपन्यांना जागा हवी असते, तत्त्व नव्हे.

आपल्याकडे लावायला काही नाही? बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बिचारं अजून स्टँडबाहेर पाटीत बसून स्वतःची जाहिरात स्वतःच करतं.

मंत्र्यांना पुढची घोषणा करू द्या. तुम्ही एवढंच विचारा: आपल्या आगाराच्या गाड्यांवरचा जाहिरातीचा ठेका कुणाकडे, किती वर्षांचा, आणि अटींमध्ये साखर कुठे आहे? माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात.