कुठला फोन घेऊ रे?

प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एक मोबाईलपंडित असतो. तो बँकेत कॅशियर असेल, शाळेत चित्रकला शिकवत असेल किंवा भोसरीच्या कारखान्यात शिफ्टने जात असेल. मोबाईलच्या धंद्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो आणि हीच त्याची मुख्य पात्रता मानली जाते. दसरा आठवड्यावर आला की त्याला मावशीचा फोन येतो. आधी तब्येतीची चौकशी, मग पावसाची, मग त्याच्या लग्नाचं कुठवर आलं याची. हे तिन्ही विषय उरकले की मूळ मुद्दा निघतो. “कुठला फोन घेऊ रे? साधाच सांग. मला काय, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप तर बघायचं. फक्त कॅमेरा चांगला हवा, बॅटरी दोन दिवस टिकायला हवी आणि हँग व्हायला नको. आणि हो, पंधराच्या वर जायचं नाहीये.” असा फोन अजून कुणी बनवलेला नाही हे पंडिताला माहीत असतं, तरी तो नाही म्हणत नाही. ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि रात्री जेवण झाल्यावर खरोखरच बघायला बसतो. लोक त्याला हौशी म्हणतात, रिकामटेकडा म्हणतात, ‘त्याला विचारलंस तर तासभर सोडणार नाही’ अशी सूचनाही एकमेकांना देऊन ठेवतात. हे वर्णन खरं असलं तरी अपुरं आहे. फोन शेवटी आपण आपल्या मनासारखाच घेतो. तो फसला तर ज्याच्या नावाने बोटं मोडायची, असा एक बिनपगारी इसम आपल्याला हवा असतो. मोबाईलपंडिताची नेमणूक त्या कामावर झालेली आहे.

ही जागा निर्माण कशी झाली ते पाहिलं की मुद्दा उलगडतो. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस होते, तेव्हा हा प्राणी अस्तित्वात नव्हता. निवडच नव्हती, तर सल्ला कसला? तेव्हा लागायचा तो वशिला, आणि नंबर लागला नाही तर शिव्या घालायला सरकार होतं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन लावला आणि देशात मोबाईल सुरू झाला. मुंबईत तेव्हा कंपन्या दोनच होत्या आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे सल्लाही एकच होता: उचलू नका. पुढे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००९ मध्ये सेकंदावर पैसे मोजण्याची टूम निघाली. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे भाव कोसळले. या प्रत्येक पायरीवर गिऱ्हाइकाचा फायदाच झाला, यात वाद नाही. पण प्रत्येक पायरीवर एकेक निर्णयही सरकारकडून आणि कंपनीकडून सुटून गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडला. पूर्वी फोन बंद पडला तर नशीब फुटकं असायचं. आता कंपनी चुकीची निवडलेली असते, आणि ती निवडणारे आपणच असतो. हे फार काळ सोसणं कुणालाच जमत नाही. मग भाचा आठवतो.

सगळ्यात जास्त निर्णय रिचार्जमध्ये दडलेले आहेत. कंपन्या मोजून चार: जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल. प्लॅन मात्र इतके, की तीन प्लॅन शेजारी ठेवले तर एकात दिवस जास्त, दुसऱ्यात डेटा जास्त आणि तिसऱ्याबरोबर एक सिनेमाचं अ‍ॅप फुकट, जे कुणी उघडणार नाही. आपल्या पंचांगात अधिक मास बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो; मोबाईलच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात तेरा रिचार्ज बसतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा निदान एक प्लॅन ठेवायला लावला. ते प्लॅन आहेत, पण जाहिरातीत ते शोधायला भिंग लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक आदेश काढला, आणि पुढच्या महिन्यापासून फक्त कॉल व एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक मिळू लागले. बटणांचा फोन वापरणारे आजोबा त्याआधी रोज दीड जीबीचे पैसे भरत आणि रोज दीड जीबी देवाला वाहत. ही खबर त्यांच्यापर्यंत पोचवतो तो पंडित. तोच सांगतो की मुंबईचं सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं; पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावच्या घरी माजघरात रेंज कुणाची येते ते आधी बघा, पुण्याची जाहिरात तिथे चालत नाही. कंपनी बदलायला १९०० वर मेसेज कसा टाकायचा, कोड आला की चार दिवसांत दुकान गाठायचं आणि एकदा बदललं की नव्वद दिवस पुन्हा हलता येत नाही, हेही त्यालाच पाठ असतं. एवढं सगळं ऐकून आजोबा विचारतात, “मग आता चालू आहे तेच ठेवू ना?” आणि पंडित म्हणतो, “ठेवा.”

फोनच्या बाबतीत तर लोकांचं आधीच ठरलेलं असतं, फक्त त्यावर पंडिताची सही हवी असते. मावशीने शेजारच्या वहिनींचा निळसर फोन पाहिलेला असतो. पंडित दोन दिवस खपून तीन नावं काढतो, त्यांत तो निळसर नसतो. मावशी तिन्ही नावं शांतपणे ऐकते आणि विचारते, “आणि तो निळा कसा आहे रे?” पंडित सांगायला लागतो की त्या कॅमेऱ्यावर २०० मेगापिक्सेल लिहिलंय खरं, पण तो सोळा-सोळा ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच काढतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर त्याचंही पीठ होतं. मावशीच्या कानात त्यातलं ‘२००’ तेवढं राहतं. तो सांगतो की ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याजाएवढी सूट आधी दाखवतात, व्याज मागाहून घेतात आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तरीही लागतो; रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. मावशीला त्यातलं ‘शून्य’ आवडतं. जुना फोन एक्सचेंजला द्यायचा म्हटला तर अ‍ॅपवर त्याची किंमत तीन हजार दिसते, आणि दारात आलेला मुलगा स्क्रीनवरचा ओरखडा बोटाने चाचपून ती नऊशेवर आणतो, हेही पंडिताने आधीच सांगितलेलं असतं. शेवटी पंधराचे एकोणीस होतात, फोन निळाच येतो आणि पेढे देताना मावशी सांगते, “आमच्या भाच्याने सुचवला.” फोन चांगला निघाला की दोन महिन्यांत हे वाक्य ‘मी घेतला’ असं होतं. तापायला लागला की मात्र ‘त्याने घ्यायला लावला’ हे कायम राहतं. शिफारस कुणाची होती याचा पुरावा या व्यवहारात कुणी मागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोकांना खरंच माहिती हवी असते, आणि ती द्यायला पंडिताशिवाय आहे कोण? आक्षेप वजनदार वाटतो, पण टिकत नाही. आज यूट्यूबवर एकेका फोनचं पोट फाडून दाखवणारे व्हिडिओ मराठीतसुद्धा ढिगाने आहेत. कंपन्यांच्या अ‍ॅपवर सगळे प्लॅन एकाखाली एक दिसतात. माहितीच हवी असती, तर गेल्या दहा वर्षांत पंडिताकडे येणारे फोन कमी व्हायला हवे होते; ते वाढलेच आहेत. व्हिडिओ करणाऱ्याला रात्री अकरा वाजता फोन करून ‘हे बघ, आवाजच येत नाहीये’ असं सुनावता येत नाही, ही त्याची मोठीच उणीव. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला मुलगा सल्ला द्यायला तत्पर असतो, पण त्याचा पगार कोण देतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि महिनाभराने तो तिथे सापडतही नाही. घरात कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली मुलगी असते. तिला विचारलं जात नाही. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून हे सोडून देता येईल, पण खरं कारण व्यावहारिक आहे. मुलीच्या सल्ल्याने घेतलेला फोन बिघडला तर तिला बोल लावताना रात्रीचं जेवण बेचव होतं. भाचा पिंपळे सौदागरला राहतो. दोष ठेवायला तेवढं अंतर सोयीचं.

दुसरा आक्षेप पंडिताच्या हेतूवर आहे. लष्कराच्या भाकऱ्या कुणी उगाच भाजत नाही. त्याला मोठेपणा मिरवायचा असतो, असं म्हणतात. मिरवायचा असतोच. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले, तेव्हा ‘मी जूनमध्येच म्हणत होतो, वर्षाचं मारून ठेवा’ हे वाक्य त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं, शिवाय ज्यांनी मारलं नव्हतं त्यांना एकेकट्याला फोन करून ऐकवलं. पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येतंय, थांबा, असं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो अधिकार येतो तो भल्या भल्या ज्योतिषांना साधत नाही. तरीही हिशेब मांडून पाहावा. दोन रात्रींचं वाचन, तीन फोन, मावशीचा जुना डेटा नव्या फोनमध्ये घालायला रविवारची सकाळ, विसरलेला पासवर्ड शोधायला दुपार आणि वर जन्मभराची जबाबदारी. एवढ्याला मोबदला म्हणून थोडा मोठेपणा मिळाला तर तो महाग म्हणता येणार नाही. गरजेपेक्षा भारी फोन तो गळ्यात मारतो, या तक्रारीत मात्र तथ्य आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच मांडलं होतं की माणसं सर्वोत्तम शोधत बसत नाहीत, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतात. १९७८ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. आपला पंडित मात्र ‘पुरेसं’ या शब्दाशी फटकून वागतो. पण विचारणाऱ्यानेही ‘माझ्यापुरता कुठला?’ असं कधी विचारलेलं नसतं. तोही ‘बेस्ट कुठला?’ असंच विचारतो, आणि जसा प्रश्न तसं उत्तर.

आणि तरीही कुणाला शंका असेल, तर त्याने मोबाईलपंडिताचा स्वतःचा फोन बघावा. तो चार वर्षं जुना असतो. डावीकडच्या कोपऱ्यात काच तडकलेली, त्यावर टेम्पर्ड ग्लास चिकटवून तडा झाकलेला, बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते म्हणून खिशात पॉवर बँक. रिचार्ज २८ दिवसांचं, सगळ्यात स्वस्त, आणि तेही संपल्यावर दोन दिवसांनी मारलेलं. याला पैसे नसतात म्हणावं तर तसं नाही, आणि ज्ञान कमी पडतं असं तर मुळीच नाही. साऱ्या गोतावळ्याला फोन घेऊन देणारा हा माणूस स्वतःसाठी एक फोन घेऊ शकत नाही, याचं कारण एकच: त्याला पंडित मिळत नाही. त्याचा फोन फसला तर तो कुणाच्या नावाने बोटं मोडणार? माहितीने निर्णय होत असते तर त्याच्या हातात देशातला सगळ्यात योग्य फोन असता. तेव्हा यंदा दसऱ्याला त्याला फोन कराल तर बजेट खरं सांगा, आधीच पसंत पडलेल्या मॉडेलचं नाव पहिल्याच वाक्यात सांगून त्याच्या दोन रात्री वाचवा, आणि तब्येतीची चौकशी करताय तशी त्याचा नंबर कुठल्या कंपनीचा आहे याचीही करा. मग त्यावर एक रिचार्ज मारून टाका. प्लॅन मात्र त्याला विचारू नका, तुमच्या मनाने निवडा. चुकला तर शिव्या घालायला निदान एकदा तरी त्यालाही कुणीतरी मिळेल.