मामाचा मागचा एक्सल

मुर्ध्याच्या माझ्या मामाकडे एक पिकअप आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. आता तिच्यात कंपनीचं राहिलंय तरी काय? बॉनेट एका गाडीचं, दरवाजे दुसरीचे आणि आतला आरसा घरातल्या मोरीतून गेलाय, असा मामीचा जाहीर आरोप आहे. हौद्याचा पत्रा खारं वारं आणि उत्तनच्या मासळीचं बर्फाचं पाणी या दोघांनी मिळून केव्हाच खाल्ला. तिथे आता फळ्या आहेत. आरटीओच्या कागदावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर तेच, म्हणून गाडी तीच म्हणायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेलेल्या गाड्यांचे अवयव जिथे सुटे मिळतात, त्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मामाला एक मागचा एक्सल दिसला आणि पाहताक्षणी पसंत पडला. आमच्याकडे स्थळालासुद्धा इतक्या लवकर होकार देत नाहीत.

"क्राउनचे दात एक्केचाळीस, पिनियनचे दहा!" हे मामा आल्यागेल्याला सांगतो. जुन्या पिनियनला आठच होते. म्हणजे पूर्वी चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टला पाचाहून जास्त फेरे घ्यावे लागत, आता चाराच्या जरा वर. इंजिन तेवढंच फिरणार, गाडी जास्त पळणार, डिझेल वाचणार. "आपली गारी आता हायवेची झाली," मामा म्हणाला.

हायवे! भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातला करुण रस कळेल. समोरून बस आली की रिक्षा कुणाच्या तरी ओट्याला टेकते आणि बस जाईपर्यंत घरातल्या म्हातारीची चौकशी उरकून घेते. मामाचा टॉप गिअर इतका कोरा आहे की उद्या विकायला काढला तर नवा म्हणून खपेल. आजोबांची बैलगाडी याच रस्त्याने जायची आणि वेळ साधारण एवढाच लागायचा. तिला डिफरन्शियलची गरजही नव्हती, कारण दोन्ही चाकं आखावर आपापली सुटी फिरत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, ही अडचण इंजिनवाल्यांची.

नवा एक्सल जुन्यापेक्षा रुंद निघाला. त्यामुळे मागची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात आणि पावसाळ्यात दोन्ही बाजूंच्या जनतेला समान न्यायाने चिखल वाटतात. त्यात मामाने हौसेने पाटेही वाढवले. पाट्यांचा धर्म असा की माल चढला की ते दबतात, पण रिकाम्या गाडीखाली दगडासारखे ताठ राहतात. आता मोकळी उभी असली की पिकअप नाक खाली घालून सगळ्या आळीला साष्टांग नमस्कार घालू लागते. गतिरोधकावर मामीचा मणका मामाच्या घराण्याचा उद्धार करतो. बर्फातला बोंबील तर उत्तनहून भाईंदरपर्यंत पुन्हा एकदा मरतो.

खरी गंमत काट्याची. स्पीडोमीटरची केबल निघते गिअरबॉक्समधून. मागे एक्सल बदललाय हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवलेलंच नाही. तो जुन्याच हिशोबाने चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पन्नासने पळत असते, आणि शंभर किलोमीटर झाले की ऐंशीच लिहितो. त्या ऐंशीला डिझेलने भागून मामा हताश होतो. "ॲव्हरेज पार परला!"

"मामा, ॲव्हरेज नाही पडला. किलोमीटरच कमी मोजले जातायत."

"तुना काय कलतं? काटा काय खोटा बोलल?"

काटा खोटा बोलतो म्हणावं तर मामाचा विश्वास जातो, खरा म्हणावं तर डिझेल जातं. मी चहा प्यायलो.

वेग आला तशी ओढ गेली, हे उत्तनजवळच्या डोंगरीकडच्या चढावर कळलं. मागे मासळीचे टब, पहिला गिअर, आणि इंजिनाने मधेच मान टाकली. या गाडीत रिव्हर्सला ओढ थोडी जास्त, म्हणून मामाने गाडी फिरवली आणि चढ उलटा चढला. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला एक पिकअप आपल्याकडे तोंड करून लांब लांब जाताना दिसली. तो बाजूला थांबला आणि त्याने हेल्मेट काढलं.

एवढं झाल्यावर मी कायदा काढला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच ठणकावलं. मामा शांत. त्याची व्यवस्था झालेली होती. जुना एक्सल अंगणात ठेवलाय, त्यावर मामी गोधड्या वाळत घालते. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं; पासिंगच्या आधी गोधड्या उतरतात, एक्सल चढतो आणि पिकअप काही दिवस कायद्यात राहते.

"पण मधेच पकडली तर? दर बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद," मी म्हणालो.

मामी बोटांवर मोजत होती: एक्सल, पाटे, दरवाजे, मोरीतला आरसा. तेवढ्यात मामाने कुर्ल्याला एक गिअरबॉक्स बघून ठेवलाय असं सांगितलं. मामीने हिशोब सोडून दिला.

"पैसं कशाला भरायचं रं?" ती मला म्हणाली. "ते सहा मयने हायेत, ते घेऊ दे ना त्याना."