पुढे चला, बसू नका

नवा बसथांबा झाला की आमच्यासारखे चिकित्सक आधी त्याची बसायची सोय पाहून येतात. सोय म्हणजे स्टीलचे दोन गोल पाइप, तेही पुढे उतरते. त्यांवर माणूस बसत नाही, घसरत राहतो, आणि बस येईपर्यंत मांड्यांचा व्यायाम होतो. पालिकेचे रस्ते खाते आणि आरोग्य खाते एकमेकांशी बोलत नाहीत, असं कोण म्हणतं?

शहराच्या लेखी बसणं हा संशयास्पद प्रकार आहे, एवढं मान्य केलं की बाकीचा सगळा उलगडा होतो. दुकानांच्या पायऱ्यांवर टोकदार पट्ट्या, उड्डाणपुलाखाली रोवलेले दगड, सोसायटीच्या भिंतीवर काचा. फोर्टमधल्या एका बँकेने 2018 साली दर्शनी भागात खिळ्यांच्या रांगाच बसवल्या. लोकांनी बोंब मारली, खिळे काढावे लागले. शरपंजरी पडायची सोय फुकटात होत होती, तीही आपल्याला बघवली नाही.

विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून अनेक वर्षं माणसं न्याहाळली आणि 1980 साली पुस्तक काढलं. त्यातला एक मोठा निष्कर्ष असा, की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या कुठल्याही पेन्शनरने हे फुकट सांगितलं असतं, शिवाय मुंबईच्या रणजी संघात कोण हवा होता तेही. त्या कट्ट्याला पाठ नाही, गादी नाही. तरी संध्याकाळी तिथे पोचलेल्या एकट्या माणसाला कुणीतरी ‘आज उशीर?’ म्हणून हटकतं. हल्ली याला समुपदेशन म्हणतात आणि तासाचे पैसे लावतात.

घरांचंही तेच. बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली जाऊन 500 फुटांचं घर मिळतं, हे उत्तमच. सामाईक संडासाच्या रांगेसाठी गळा काढणारे बहुधा त्या रांगेत कधी उभे राहिलेले नसतात. पण नव्या टॉवरांच्या हिशेबात गॅलरी कुठल्याच रकान्यात बसत नाही. पूर्वी शेजाऱ्याचा ताप गॅलरीतून दिसायचा, आता व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा येतो. लिफ्टसमोर दोन बायका जरा बोलत थांबल्या, की सेक्रेटरी ‘लॉबीत गर्दी करू नये’ अशी नोटीस डकवतो.

बसायचं नाही, तर चालावं म्हटलं. फुटपाथ 150 मिलिमीटरहून उंच नसावा आणि किमान 1.8 मीटर मोकळा असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवलं आहे. आमच्या भागातला फुटपाथ चढायला आजीला नातवाचा खांदा लागतो आणि चढल्यावर समोर महावितरणचा डीपी उभा. पुणे महापालिकेने 2016 साली पादचारी धोरण मंजूर केलं. 2021 मध्ये तर 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर चालणाऱ्यांना मोकळा करून दिला. पोळ्याला बैलाला मिळतो, तसा एक दिवस. पुरणपोळी तेवढी राहिली.

तरीही शहरात जे काही बाक आहेत, ते कुणा नगररचनाकाराच्या कृपेने नव्हेत. ते नगरसेवकांच्या निधीतून येतात आणि पाठीवर ‘यांच्या सौजन्याने’ मिरवतात. मार्च 2022 मध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कैक महिने निवडणूकच झाली नाही. नगरसेवक माजी झाले, नावं मात्र बसून राहिली. यापुढच्या बाकांसाठी आमची एक नम्र सूचना आहे: पाठ ठेवावी, नाव ठळक करावं आणि बसायची फळी काढून टाकावी. नाव उभ्यानेही वाचता येतं, आणि फळीचा खर्चही वाचतो.