चार मैल, नाशिकमार्गे

न्यू जर्सीत, एडिसनमधल्या आमच्या घरापासून विद्यापीठ चार मैलांवर आहे. लेकीला पोहण्याच्या क्लासला सोडलं की मी विद्यापीठासमोरूनच भाजी आणायला जाते. गेली पाच वर्षं जातेय. या इमारतीत आपणही शिरावं, एम.एस. करावं असं मनात आलं, तेव्हा कळलं की आत जायचा रस्ता नाशिकवरून आहे.

माझी पदवी नाशिकच्या कॉलेजातली, २०१२ सालची, सिव्हिलची. लग्नानंतर नवऱ्याच्या एच-वन बी व्हिसाचं बोट धरून मी एच-फोरवर इथे आले. एच-फोर हा सासुरवाशिणीचा व्हिसा. राहा, जेवा, सणवार करा, कमावण्याचं तेवढं नाव काढू नका. २०१५ पासून त्यातल्या काही जणींना कामाचा परवाना मिळायला लागला. पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्ड एका टप्प्यापर्यंत पोचावं लागतं, आणि आमचं कार्ड अजून कसारा घाटातच धापा टाकतंय. शिकायला मात्र एच-फोरवर मोकळीक असते, हे मला कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं. सांगितलं ते देशी दुकानात मेथीची जुडी निवडता निवडता एका ओळखीच्या बाईंनी. अमेरिकेच्या व्हिसा-कायद्याचं माझं निम्मं शिक्षण भाजीच्या ढिगाशीच झालेलं आहे.

पहिली अट ट्रान्सक्रिप्टची. सगळ्या सत्रांचे गुण एका कागदावर, त्यावर विद्यापीठाचा शिक्का, कागद पाकिटात, पाकीट चिकटवून त्या जोडावर पुन्हा शिक्का. उमेदवारानं ते उघडलं की बाद. मी चार मैलांवर राहते, ओळख दाखवायला समक्ष उभी राहू शकते, याला किंमत शून्य.

काम अर्थातच बाबांकडे गेलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते अशाच एखाद्या कामगिरीची वाट बघत होते. त्यांनी नवी फाइल घेतली, माझ्या आठही सत्रांच्या गुणपत्रिकांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या, आईनं पोळी-भाजीचा डबा दिला आणि पहाटेच्या एस.टी.नं ते विद्यापीठाच्या गावी रवाना झाले. तिथल्या खिडकीसमोर उभं राहून त्यांनी फोन लावला, तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा वाजले होते.

“इथल्या बाई विचारतायत, मुलगी स्वतः का नाही आली?”

“सांगा ना, अमेरिकेत आहे म्हणून.”

फोनवरूनच मला त्या बाईंचं पुढचं वाक्य ऐकू आलं. “अमेरिकेत आहे? मग आता शिकायचं कशाला? पोचली ना!”

बाबांना यावर उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. पण बाई मनानं चांगल्या होत्या. सहा विद्यापीठांसाठी लागणार होती सहा पाकिटं, बाबांनी मागितली सात, आणि त्यांनी सातही शिक्के नीट दाबून मारून दिले.

पाकिटं आली आणि नावाचं नाटक सुरू झालं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं वेगळ्या रकान्यात. अमेरिकन अर्जाला हवं पहिलं, मधलं, शेवटचं. त्या हिशेबानं माहेरचं आडनाव हे माझं नाव ठरलं आणि बाबांचं नाव माझं आडनाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. थोडक्यात, एकाच जागेसाठी आमच्या घरातून तिघींनी अर्ज केला होता आणि त्यातल्या एकीचंही दुसरीशी पटत नव्हतं. शेवटी प्रतिज्ञापत्र करून तिघींची समजूत घातली.

गुणांचंही तसंच. मला ६८ टक्के होते. तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. इथे लेकीच्या शाळेत कुणाला ६८ मिळाले तर बाईंची चिठ्ठी घरी येते. म्हणून पैसे भरून गुणांचं मूल्यांकन करून घ्यायचं, म्हणजे नाशिकचे टक्के अमेरिकेच्या श्रेणीत आणायचे. त्यातून माझ्या बहुतेक विषयांना ‘ए’ मिळाला. दहा वर्षं पुस्तक न उघडता माझी हुशारी वाढली. असं वर्गात कधी झालं नव्हतं.

परीक्षांचं फार सांगत बसत नाही. जीआरईचे गुण पाच वर्षं टिकतात, टोफेलचे दोन. म्हणजे जीआरई लिंबाचं लोणचं आणि टोफेल ओल्या हळदीचं. माझी जीआरई कॉलेजात असताना दिलेली होती, तिला केव्हाच बुरशी आली होती. टोफेलचा मात्र राग आला. मी या देशात आठ वर्षं डॉक्टरांशी, शाळेशी, विमा कंपनीच्या यंत्राशी इंग्रजीतून भांडतेय, आणि मला इंग्रजी येतं का, हे ठरवणार एक मायक्रोफोन! गेले. छोट्या छोट्या खोक्यांत दहा-बारा जण बसलेले. आवाज तपासायला प्रत्येकाला आपण राहतो त्या शहराचं वर्णन करायला सांगतात. कुणी चिनी, कुणी कोरियन, कुणी ब्राझीलचं, आणि सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या उच्चारांत न्यू जर्सीचं वर्णन करतायत. मीही सुरुवात केली, आणि एडिसनचं म्हणून जे बोलले त्यात दोन वाक्यांनंतर गोदावरीचा घाट आला.

शिफारसपत्रांसाठी आमच्या सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. विद्यापीठाला हवा होता संस्थेचा ई-मेल पत्ता. सरांकडे होता तो नातवानं काढून दिलेला, ज्यात एका क्रिकेटपटूचं नाव होतं. ते म्हणाले, “तूच लिही गं काय ते, मी सही करतो.” मी नको म्हटलं. मग त्यांनी खरोखरच स्वतः लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनी आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली होती’ याचं काटेकोर इंग्रजी. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावरचं वाक्य. माझ्या संशोधनक्षमतेबद्दल एक अक्षर नाही. पण माझ्या वर्तणुकीबद्दल न्यू जर्सीत आता कुणाला शंका उरणार नाही. त्या फॉर्मवर एक तक्ताही होता. विद्यार्थिनी वर्गातल्या वरच्या एक टक्क्यात होती, पाच टक्क्यांत, की दहा? सरांनी त्यासाठी मुद्दाम फोन केला. “साठ जणांत एक टक्का म्हणजे अर्धा विद्यार्थी येतो गं. तुला पाच टक्क्यांत टाकलं तरी तिसरा नंबर होतो. तुझा कितवा होता?” मी अकरावा म्हटलं. “हं,” असं म्हणून सरांनी पंचवीस टक्क्यांच्या चौकटीत खूण केली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या पत्रावर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा दुसऱ्या कुठल्याच कागदावर बसला नाही.

आता उरलं ते उद्देशपत्र. दोन पानांत आपण कोण, काय केलं आणि आपल्याशिवाय त्यांचं कसं अडेल ते लिहायचं. आमच्या घरात कुणी स्वतःबद्दल दोन वाक्यं सलग बरी बोललं की आजी म्हणायची, “पुरे, दृष्ट लागेल.” त्या घरातल्या मुलीनं दोन पानं लिहायची. त्यात ‘गॅप’चा खुलासा वेगळा. २०१४ ते २०२२. त्या गॅपमध्ये एक बाळंतपण, दोन घरं बदलणं, एक महामारी आणि आठ दिवाळ्यांचा फराळ बसलाय. पण अर्जाच्या भाषेत ती मोकळी जागा.

मला पाण्यावर काम करायचं होतं, पुरावर. का, ते मला नेमकं माहीत होतं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि रॅरिटन नदी गावांत शिरली. आमच्या घराला काही झालं नाही. पण मी रात्रभर फोनवर नदीची पातळी बघत बसले. इथे नदीवर ठिकठिकाणी मापक बसवलेले आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी फुटांतला आकडा इंटरनेटवर येतो. चढत्या रेषेकडे बघता बघता माझ्या तोंडून निघालं, “मारुतीच्या छातीपर्यंत आलं असेल.”

नवरा साताऱ्याचा. त्याला समजावून सांगावं लागलं. नाशकात गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि पूर किती आला हे आम्ही त्याच्या अंगावर मोजतो. गुडघ्याला लागलं तर बघायला जायचं. कमरेला लागलं की भांडीबाजारातले लोक माल वर हलवायला लागतात. छातीच्या वर गेलं की बघायला गेलेल्यांना पोलीस हाकलतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते पेपरात येतं, पण पेपर वाचूनही प्रत्येक जण विचारणार, “मारुतीला कुठवर लागलंय?” २००८ च्या सप्टेंबरात महापूर आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. पाणी कधीतरी चार ओळींच्या सूत्रात बसवायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मारुतीवर मोजतात एवढं ठाऊक होतं.

मी पत्राची सुरुवात मारुतीनंच केली. खालच्या मजल्यावर एक मराठी मुलगा राहतो, तो इथेच एम.एस. करतोय. त्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, “काकू, मारुती काढा. त्यांना वाटेल तुम्ही धर्मशास्त्राला अर्ज करताय.” मी अडून बसले. मग त्यानं तोडगा काढला. मारुती ठेवला, पण त्याचं नाव ‘कम्युनिटी-बेस्ड फ्लड इंडिकेटर’ केलं. वाचून मलाच ओळखू येईना. मुदत संपायला तासभर असताना मी तो इंडिकेटर खोडला आणि मारुतीला परत त्याच्या जागी उभं केलं.

या धावपळीत मला एक शेजारीण सापडली. आमच्यापासून मोटारीनं अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. कलकत्त्याहून बोटीनं निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यू यॉर्कला उतरल्या आणि रोझेलला कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी राहिल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं ते तिथूनच. म्हणजे परदेशात बसून अर्ज करणाऱ्या आम्हा बायकांच्या रांगेत त्या अगदी पुढे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी पत्रात सरळ कबूल केलं होतं. आजचा कुठलाही सल्लागार ते वाक्य पहिल्या वाचनातच उडवेल. टोफेल नव्हती, शिक्क्याचं पाकीट नव्हतं. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी, त्यामुळे तिथेही प्रश्न नव्हता. लग्नात यमुनेची आनंदी झाली, त्याचं प्रतिज्ञापत्र तेवढं आज मागितलं असतं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. एका रविवारी मी लेकीला घेऊन रोझेलला जाऊन आले. गावातून एक चक्कर मारली, लेकीनं आइसक्रीम खाल्लं, परत आलो.

सहापैकी पाच पाकिटं पोस्टानं गेली. सहावं मी स्वतःच मोटारीनं नेऊन दिलं. काउंटरवरच्या बाईंनी उलटसुलट करून शिक्का तपासला, मग माझा पत्ता वाचला आणि हसून म्हणाल्या, “इतक्या जवळ राहता? मग आधीच का नाही आलात?”

निकाल मार्चमध्ये आहे. सातवं पाकीट आमच्या फ्रिजवर ठेवलंय, बंदच.